रात्रपाळीचा अंमल

नगर जिल्ह्यात वांड पोराला धाक घालायचा तर आजही एक वाक्य पुरतं : 'रिमांड होमला टाकीन.' जिल्ह्याचं सरकारी नाव ऑक्टोबर २०२४मध्ये अहिल्यानगर झालं. कायद्याच्या पुस्तकात रिमांड होमचं निरीक्षणगृह झाल्यालाही कित्येक वर्षं लोटली. अकोल्यापासून जामखेडपर्यंत हे वाक्य मात्र जसंच्या तसं चालू आहे. ते उच्चारणाऱ्या आईबापांच्या डोळ्यांसमोर एक चित्र असतं : उंच भिंत, लोखंडी फाटक आणि छडी घेतलेला कडक साहेब. हा साहेब कसा असेल याची कल्पना जो तो आपापल्या शाळेतल्या मास्तरांवरून करतो.

प्रत्यक्षात त्या घरातली सत्ता दिवसाच्या बहुतेक तासांत साहेबाकडे नसतेच. साहेब म्हणजे अधीक्षक. तो फायलींत असतो. बाल न्याय मंडळाची तारीख, जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडची बैठक, पुण्याच्या आयुक्तालयाने मागवलेली माहिती, परिपोषण अनुदानाचे हिशेब, पाण्याचा टँकर, बिघडलेला कॅमेरा. मुलांबरोबर असतो तो काळजीवाहक. कागदावर त्याचं पद हेच. मुलांच्या तोंडी तो कुठे 'सर', कुठे 'मामा'. संध्याकाळी ऑफिसला कुलूप लागलं की चाव्यांचा जुडगा त्याच्याकडे येतो आणि सकाळी दुसरा माणूस येईपर्यंत ते घर त्याचं. शिस्त म्हणजे काय आणि अधिकार कुणाचा, हे या बारा तासांत ठरतं. नेमक्या याच बारा तासांबद्दल शासन निर्णय, न्यायालयं आणि वर्तमानपत्रं यांना सगळ्यांत कमी माहिती असते.

आत कोण असतं, हे आधी सांगितलं पाहिजे. अठरा वर्षांखालच्या ज्या मुलावर गुन्ह्याचा आरोप आहे आणि ज्याची चौकशी चालू आहे, तो निरीक्षणगृहात. चौकशीअंती दोषी ठरला आणि मंडळाने तसा आदेश दिला, तर विशेष गृहात, तोही जास्तीत जास्त तीन वर्षं. अनाथ, टाकलेली, हरवलेली, घरातून पळालेली मुलं बालगृहात. त्यांचा निर्णय बाल कल्याण समिती करते. म्हणजे निरीक्षणगृहातला मुलगा अजून दोषी ठरलेला नाही, आणि बालगृहातल्या मुलाने तर काही केलेलंच नाही. बाहेरच्या जगाला हा फरक ठाऊक नसतो. महाराष्ट्रात ही गृहं दोन प्रकारे चालतात. काही थेट शासनाची, तर अनेक जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटनांची. ही निमसरकारी वाटावी अशी जुनी रचना आहे. अनुदान सरकारचं, कारभार संघटनेचा, आणि नोकर नेमका कुणाचा हा वाद कायमचा.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात विधिसंघर्षग्रस्त बालकांवर ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले. त्यातले ४,४०६ महाराष्ट्रातले, म्हणजे देशात सर्वाधिक. पकडलेल्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून जास्त मुलं सोळा ते अठरा वयाची. मिसरूड फुटलेली, काहींच्या अंगात कारखान्यावर, वीटभट्टीवर काम करून आलेलं बळ. रात्रपाळीचा पन्नाशीतला काळजीवाहक त्यांच्यासमोर उभा राहतो तेव्हा त्याच्या हातात काय असतं?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या प्रश्नाला उत्तर होतं. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७मध्ये सुरू झाली. अल्पवयीन गुन्हेगारांना तुरुंगाऐवजी शाळेत ठेवून हुन्नर शिकवायचा, ही तेव्हा नवी कल्पना होती. पण त्याच काळात, १८६४मध्ये, फटक्यांचा कायदाही आला. सोळा वर्षांखालच्या मुलाला तुरुंगाऐवजी फटके देऊन घरी पाठवणं ही तेव्हाच्या न्यायाधीशांना दया वाटे. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने अशा मुलासाठी फटक्यांची कमाल संख्याही ठरवून दिली होती : पंधरा. हा सगळा प्रकार कायद्याने बंद झाला तो १९५५मध्ये, स्वातंत्र्यानंतर आठ वर्षांनी. मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा १९२४चा. मुंबईतल्या अशा संस्था पुढे सांभाळणारी चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ची. तिची डोंगरीची उमरखाडी इमारत तर मुळात तुरुंगच. भिंती त्याच राहिल्या, पाटी बदलली. महाराष्ट्रातल्या बालसुधाराच्या इतिहासाचं हे थोडक्यात आणि थोडं कडवट वर्णन आहे.

आज कायदा काय म्हणतो ते सरळ आहे. बाल न्याय अधिनियम २०१५, अमलात १५ जानेवारी २०१६पासून. सुधारण्यासाठी, शिस्त लावण्यासाठी किंवा केल्याची फेड म्हणून मुलाला मुद्दाम शारीरिक वेदना देणं म्हणजे शारीरिक शिक्षा, अशी व्याख्या त्यात आहे. 'त्याच्या भल्यासाठीच मारलं' ही पळवाट व्याख्येतच बुजवली आहे. कलम ८२नुसार संस्थेतल्या कर्मचाऱ्याने मुलाला शिस्तीसाठी मारलं, तर पहिल्यांदा दोषी ठरल्यावर दहा हजार रुपये दंड, पुन्हा ठरला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि नोकरीतून बडतर्फी. यापुढे मुलांशी थेट संबंध येईल असं काम त्याला करता येत नाही. चौकशीत सहकार्य केलं नाही तर संस्थेच्या व्यवस्थापनाला किमान तीन वर्षं. क्रूर वागणुकीचं कलम ७५ वेगळं : संस्थेचा नोकर असेल तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. मुलांच्या हातात बेडी नाही, दोरी नाही, कोठडी नाही. भारताने १९९२ साली बालहक्क करार मान्य केला, आणि संयुक्त राष्ट्रांच्या १९९०च्या नियमावलीत आणखी पुढचं लिहिलं आहे : अंधाऱ्या खोलीत कोंडायचं नाही, जेवण कमी करायचं नाही, घरच्यांची भेट शिक्षा म्हणून तोडायची नाही, एकाच्या चुकीसाठी सगळ्यांना शिक्षा नाही.

उत्तम. छडी काढून घेतली, ते योग्यच झालं. पण तिच्या जागी काळजीवाहकाच्या हातात काय दिलं, हा प्रश्न विचारायला कुणाला फारशी सवड झाली नाही.

मग तो स्वतःच साधनं शोधतो. पहिलं साधन हजेरी. उठल्यावर हजेरी, न्याहारीच्या रांगेत हजेरी, शाळेच्या वर्गातून आल्यावर, मैदानावरून आत घेताना, जेवणाआधी, झोपण्याआधी. मुलं दोन-दोनच्या रांगेत उकिडवी बसतात आणि आकडा जुळेपर्यंत कुणी उठत नाही. आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मुलांना हा प्रकार अपमानाचा वाटतो, आणि काळजीवाहकाला त्यातच सुरक्षित वाटतं. कारण पाळी बदलताना वहीत एक संख्या लिहून खाली सही करायची असते. त्या संख्येखाली त्याची नोकरी असते.

इथे कायद्याची एक गंमत आहे. मुलगा संस्थेतून पळाला तर कलम २६नुसार पोलिसांनी त्याला ताब्यात घेऊन चोवीस तासांत मंडळापुढे आणायचं, आणि पळाल्याबद्दल त्याच्यावर वेगळी कारवाई करायची नाही. मुलं पळतात, ते वयच तसं, एवढा समजूतदारपणा कायद्याने दाखवला आहे. काळजीवाहकासाठी तेवढा समजूतदारपणा कुठल्याच नियमात नाही. मुलगा पळाला की पोलीस ठाण्यात खबर, वर अहवाल, कारणे दाखवा नोटीस, आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक आवृत्तीत 'निरीक्षणगृहातून अल्पवयीन पसार' ही बातमी. मुलाला मार बसला तर ती गोष्ट बहुधा आतच राहते. मुलगा पळाला तर ती गावभर होते. या दोन भीतींतली कोणती भीती माणसाचं वागणं ठरवेल, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. म्हणून खिडक्यांना दुहेरी गज, दुपारी मैदानाला कुलूप आणि आजारी मुलाला दवाखान्यात न्यायला दहा वेळा विचार. काही ठिकाणी पावसाळ्यात मुलांना आठवडाभर अंगणही दिसत नाही, कारण भिंतीचा एक कोपरा खचलेला असतो आणि बांधकाम विभागाकडून अंदाजपत्रक यायचं असतं. शिस्त म्हणून जे बाहेरून दिसतं, त्यातलं बरंचसं पळून जाण्याविरुद्धची तटबंदी असते.

दुसरं साधन म्हणजे छोट्या छोट्या सवलती. टीव्हीचा रिमोट कुणाकडे, कोणतं चॅनल, किती वेळ. फोनवर आईशी बोलायला आधी कुणी जायचं. स्वयंपाकघरात मदतीला कोण. हे काम मुलांना फार प्रिय, कारण तिथे ऊब असते, काहीबाही तोंडात टाकता येतं आणि मोठ्या माणसांच्या गप्पा ऐकता येतात. केस कापणाऱ्याकडे कोणता कट मागायचा याचीसुद्धा परवानगी लागते. निरीक्षणगृहात केसांवरून जेवढी भांडणं होतात तेवढी जेवणावरून होत नाहीत. बाहेर त्या मुलाकडे फारसं काही नसतं, केस असतात. ते बारीक करायला लावणं म्हणजे स्वच्छता, असं कर्मचाऱ्याला प्रामाणिकपणे वाटतं. मुलाला ती शिक्षा वाटते. दोघंही आपापल्या जागी खरे असतात, आणि असे वाद मिटवायला जी बैठक व्हायला हवी ती रजिस्टरात झालेली असते.

सवलतींचं हे राज्य मारापेक्षा बरं, यात शंका नाही. पण त्याला लिहिलेले नियम नसले की ते मर्जीचं होतं. काल ज्या गोष्टीला मामा हसले, आज त्याच गोष्टीवर टीव्ही बंद. मुलं मार विसरतील, अन्याय विसरत नाहीत. बाल न्याय कायद्याखालच्या आदर्श नियमांत दिनक्रम ठरवताना मुलांच्या समित्यांना विचारात घ्यावं असं आहे. सहा ते दहा, अकरा ते पंधरा आणि सोळा ते अठरा अशा तीन वयोगटांच्या समित्या, सभासद फक्त मुलं. या समित्या जिथे खरोखर भरतात तिथे कर्मचाऱ्याच्या डोक्यावरचा अर्धा भार उतरतो, कारण 'का?' या प्रश्नाला 'तुमच्याच समितीने ठरवलं' हे उत्तर असतं. जिथे भरत नाहीत तिथे समितीच्या जागी दुसरंच काही उभं राहतं.

ते म्हणजे तिसरं साधन, आणि सगळ्यांत धोक्याचं : मोठा मुलगा.

एका हॉलमध्ये पंचवीस मुलं. आदर्श नियमांप्रमाणे प्रत्येकी चाळीस चौरस फूट, म्हणजे आठ बाय पाचचा तुकडा, सात मुलांमागे एक संडास. वयोगट वेगळे ठेवायचे हेही नियमात आहे. इमारत एकच असली की ते नियमातच राहतं. कागदावर चार माणसं मंजूर असली तरी पाळ्या, आठवड्याची सुट्टी, कुणाची रजा, कुणी मुलांना घेऊन मंडळात किंवा दवाखान्यात गेलेला, असं वाटप झालं की रात्री एकच उरतो. मंजूर पदांपैकी एखादं रिकामं असेल, कुणी कंत्राटी असेल आणि त्याचं मानधन थकलेलं असेल, तर तो एकही मनाने तिथे नसतो. अशा वेळी सतरा वर्षांचा, आतले सगळे रिवाज पाठ असलेला, तिसऱ्यांदा आलेला मुलगा फार उपयोगाचा वाटू लागतो. 'अमक्या, यांना जरा गप कर रे.' एवढंच वाक्य. त्या क्षणी घरातली सत्ता काळजीवाहकाच्या हातातून निसटते आणि त्याला ते कळतही नाही. नव्याने आलेल्या मुलाची चादर, त्याची बिस्किटं, मग त्याच्याकडून पाय दाबून घेणं, मग आणखी काही. सकाळी हजेरी मात्र जुळते.

ऑगस्ट २०२२मध्ये मुंबईत माटुंग्याच्या डेव्हिड ससून संस्थेत सोळा वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाला. संस्थेतल्याच चार मुलांनी त्याला मारहाण केल्याचा आरोप होता आणि त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. या राज्यात मुलांसाठी उभ्या राहिलेल्या सुरुवातीच्या सुधारशाळेच्या नावाला जोडलेली ही घटना. ज्यांना वाटतं की छडी गेली म्हणून मुलं माजली, ते असं उदाहरण पुढे करतात. छडी होती त्या काळातही मोठ्या मुलांची दादागिरी होती, हे ते सोयीस्करपणे विसरतात. कर्मचारी मारत होता तेव्हा मोठा मुलगा त्याच्याकडूनच शिकत होता.

शिक्षणशास्त्राच्या वाचकांना अन्तोन माकारेंको हे नाव नवं नाही. क्रांतीनंतरच्या धामधुमीत, १९२०मध्ये, युक्रेनमधल्या पोल्ताव्हाजवळ त्यांनी गुन्हेगारीत सापडलेल्या पोरांची वसाहत सुरू केली, पुढे तिला गोर्कींचं नाव मिळालं. सुरुवातीच्या हिवाळ्यात मुलं काडीचंही काम करत नव्हती. एके दिवशी स्वयंपाकघरासाठी लाकडं फोडायला सांगितल्यावर झादोरोव्ह नावाच्या पोराने उर्मट उत्तर दिलं आणि माकारेंकोंचा तोल गेला. त्यांनी त्याला मारलं. मुलं लाकडं फोडायला गेली. मारण्याच्या बाजूने बोलणारे ही हकिकत इथपर्यंतच सांगतात. पुढचा भाग असा की माकारेंकोंनी स्वतः हा प्रसंग शिक्षक म्हणून आपला पराभव मानला आणि तसं लिहूनही ठेवलं. झादोरोव्ह त्यांच्याहून ताकदवान होता, उलटून त्याने मारलं असतं तर ते वाचले नसते. मुलांवर परिणाम झाला तो माराचा की या माणसाने पत्करलेल्या धोक्याचा, हा प्रश्न ते पुढे बराच काळ घोळवत राहिले. नंतर त्यांनी जी व्यवस्था बसवली तिच्यात मुलांच्या तुकड्या, तुकड्यांचे नायक आणि नायकांची परिषद होती. नायक बदलत राहायचे. एकाच मोठ्या मुलाच्या हाती सूत्रं राहू द्यायची नाहीत, यासाठी तो बदल महत्त्वाचा होता.

इंग्लंडमध्येही त्याच सुमारास वेगळा प्रयोग चालला होता. तिथल्या तरुण गुन्हेगारांसाठीच्या बोर्स्टल संस्थांत १९२०च्या दशकात कर्मचाऱ्यांचा गणवेश काढला गेला आणि मुलांना छोट्या 'घरां'त वाटून प्रत्येक घराला एक हाऊसमास्टर दिला गेला. १९३०च्या मे महिन्यात डब्ल्यू. डब्ल्यू. ल्युवेलिन हे अधिकारी फेल्थमच्या बंदिस्त बोर्स्टलमधून मुलांची एक तुकडी घेऊन थेट नॉटिंगहॅमशायरपर्यंत चालत गेले. साहेब आणि पोरं एकाच रस्त्याने, मुक्काम करत. तिथे लाउडम ग्रेंजला त्यांनी भिंत नसलेली संस्था मुलांकडूनच बांधून घेतली. बोर्स्टलचा कायदा मुंबई इलाख्यातही १९२९मध्ये आला. नाशिकचं किशोर सुधारालय त्याच वंशातलं. पण ते राहिलं कारागृह विभागाकडे. भिंत आली, पदयात्रा आली नाही.

अमेरिकेतल्या मिसुरी राज्याने १९८३मध्ये बूनव्हिल इथलं अवाढव्य सुधारगृह बंद केलं आणि मुलांना राज्यभर विखुरलेल्या लहान घरांत हलवलं. दहा-बारा मुलांचा गट, त्याच्याबरोबर दिवसरात्र तेच ते कर्मचारी, पहारेकऱ्याऐवजी मुलांबरोबर बसून बोलायला शिकवलेले. गटातल्या कुणाचं काही बिनसलं की सगळे गोल करून बसतात. नगरसारख्या ठिकाणी हे ऐकून हसू येईल, पण त्यातला मुख्य भाग पैशाचा नाहीच. मुख्य भाग हा की रात्री मुलांजवळ असलेल्या माणसाला त्या मुलाचं नाव, खटला आणि घर माहीत असतं.

त्याचा पुरावा परदेशात शोधायची गरज नाही. रेणू गावस्कर अनेक वर्षं डेव्हिड ससूनमध्ये मुलांसाठी जात राहिल्या आणि त्या अनुभवांवर त्यांनी 'आमचा काय गुन्हा?' हे पुस्तक लिहिलं. त्यांच्याकडे कुठलंही पद नव्हतं. चावी नव्हती, रजिस्टर नव्हतं, कुणाची भेट रोखायचा अधिकार नव्हता. तरीही मुलं त्यांच्याजवळ बसायची. सरकारी यंत्रणेला अशा व्यक्तींचं कौतुक करायला आवडतं, कारण कौतुकाला पद मंजूर करावं लागत नाही. नगरमध्येच १९८९पासून गिरीश कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं 'स्नेहालय' देहविक्रयातल्या स्त्रियांच्या मुलांबरोबर काम करत आलं आहे. ते निरीक्षणगृह नव्हे, तिथली मुलं आरोपी नव्हेत. पण समाजाने आधीच शिक्का मारून ठेवलेल्या मुलांबरोबर राहायचं म्हणजे काय, याची माहिती या शहरात आहे. ती निरीक्षणगृहाच्या रात्रपाळीपर्यंत पोचवणं हे अवघड काम नाही. दोन्ही बाजूंनी फाटक उघडायला हवं एवढंच.

मुलाला आतून सगळ्यांत जास्त कशाची तडफड असते? मार, जेवण, टीव्ही हे सगळं नंतर. 'माझी तारीख कधी?' आणि 'घरून कुणी आलं का?' या दोन प्रश्नांची. ज्या कर्मचाऱ्याकडे या दोन प्रश्नांचं खरं उत्तर असतं, त्याला ओरडावं लागत नाही. ही उत्तरं असतात परिविक्षा अधिकाऱ्याकडे. मुलाला मंडळापुढे पहिल्यांदा आणल्यापासून पंधरा दिवसांत त्याने सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. त्यासाठी गृहभेट. आता नगर जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. सतरा हजार चौरस किलोमीटर, चौदा तालुके, क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. अकोल्याहून नगरला यायचं तर शंभर किलोमीटरहून जास्त अंतर. पाथर्डी-शेवगावच्या पट्ट्यातलं कुटुंब असेल तर दिवाळी झाली की घराला कुलूप. आईबाप ऊसतोडीला, कुठल्या कारखान्याच्या तळावर, कोणत्या कोपीत, ते मुकादमालाच माहीत. परिविक्षा अधिकारी गावात जातो, शेजाऱ्याशी बोलतो, सरपंचाला गाठतो, आणि अहवालात लिहितो : पालक स्थलांतरित.

एरवी अशा मुलाला जामीन मिळायला अडचण नसते. बाल न्याय कायद्यात जामीन हा नियम, नाकारणं हा अपवाद. पण जामीन झाला तरी न्यायला माणूस लागतो. सात दिवसांच्या आत अटी पूर्ण झाल्या नाहीत तर मुलाला पुन्हा मंडळापुढे आणून अटी बदलून घ्यायच्या, असं कलम १२ सांगतं. तिथेही कुणीतरी फाइल हलवावी लागते. तोवर तो मुलगा सुटूनही आत. बरोबरची पोरं, ज्यांचे काका नगरपालिकेत आहेत, निघून गेलेली. रात्री हा मुलगा ताट आपटतो आणि वहीत नोंद होते : वर्तन असमाधानकारक. त्याच्या वर्तनाचं कारण दीडशे किलोमीटरवर उसाच्या फडात आहे, हे रात्रपाळीच्या माणसाला कुणी सांगितलेलं नसतं. अहवाल फाइलमध्ये, फाइल कपाटात आणि कपाटाची चावी साहेबाकडे.

एक गोष्ट उघडपणे बोलली जात नाही. मुलगा आत आला की पहिल्यांदा त्याचं आडनाव वाचलं जातं. पारधी, भिल्ल अशा समाजांतला असेल तर 'हे तसलेच' हा निकाल मंडळाआधी दारातच लागतो. ब्रिटिशांचा १८७१चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२मध्ये रद्द झाला. नगर, बीड, सोलापूर भागात त्याची सावली अजून पोलीस पाटलाच्या बोलण्यात असते, कर्मचाऱ्यांच्या बोलण्यात का नसेल? बाल न्याय कायद्याच्या मूलतत्त्वांत मुलाला हिणवणारी भाषा वापरायची नाही, असं आहे. पण हिणवणं भाषेत नसलं तरी झडती आधी कुणाची घ्यायची यात ते दिसतं.

मे २०२४मधलं पुण्याच्या कल्याणीनगरचं प्रकरण सर्वांना आठवत असेल. भरधाव पोर्शे गाडीने दोघांचा जीव घेतला, मंडळाने अल्पवयीन चालकाला काही तासांत जामीन दिला, तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, आणि राज्य खवळलं. तीन दिवसांनी त्याला येरवड्याच्या निरीक्षणगृहात पाठवलं गेलं तेव्हा लोकांना हायसं वाटलं. आता कळेल बेट्याला. २५ जून रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडायचा आदेश दिला तेव्हा पुन्हा संताप. संताप समजण्यासारखा होता, दोन तरुण जीव गेले होते. पण त्या हायसं वाटण्यात एक गृहीतक दडलेलं होतं : निरीक्षणगृह ही शिक्षा आहे आणि तिथली माणसं ती देतील. रात्रपाळीच्या काळजीवाहकाकडून समाजाची हीच अपेक्षा आहे. कायदा त्याला म्हणतो मुलाची काळजी घे. गाव म्हणतं, धडा शिकव. तो स्वतः गावातच राहतो.

न्यायालयांनी या विषयाकडे पाहिलंच नाही असं नाही. शीला बारसे यांच्या याचिकेवर १९८६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवण्याविरुद्ध बजावलं. संपूर्णा बेहुरा खटल्यात ९ फेब्रुवारी २०१८ रोजी रिकामी पदं, मंडळांच्या बैठका, प्रलंबित चौकश्या यांवर सविस्तर आदेश झाले. नियमांप्रमाणे मंडळाने न्यायालयाच्या आवारात बसायचं नाही, सदस्यांनी उंच मंचावर बसायचं नाही, मुलापुढे पिंजरा किंवा कठडा नको. एवढा बारीक विचार मुलाच्या अर्ध्या तासाच्या सुनावणीसाठी झाला आहे, आणि तो चांगलाच आहे. चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर आणखी दोन. ती लांबते तेवढ्या रात्री वाढतात.

तपासणीची तरतूदही भक्कम आहे. मंडळाने महिन्यातून एकदा गृहाला भेट द्यायची. जिल्हा तपासणी समितीने दर तीन महिन्यांनी, किमान तीन सदस्यांनी, त्यांत एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी, आणि आठवड्याच्या आत अहवाल. या भेटी कशा होतात हे कुठल्याही गृहातला स्वयंपाकी सांगेल. आदल्या दिवशी फोन येतो. सकाळी फिनेलचा वास सुटतो, मुलांना धुतलेले कपडे मिळतात, फळ्यावर सुविचार उमटतो, तक्रारपेटीवरची धूळ पुसली जाते. साडेअकराला गाड्या येतात, रजिस्टरं उघडतात, मुलांना सगळ्यांसमोर विचारलं जातं, 'काही त्रास आहे का?' साडेबारापर्यंत चहा होतो.

रात्री अकराला जायला या समितीला कुठल्याही कलमाची मनाई नाही. फोन न करता गेलं तर तीन गोष्टी दहा मिनिटांत कळतील : पाळीवर प्रत्यक्षात कितीजण आहेत, त्यातल्या कुणाला शेजारच्या मुलाचा खटला काय आहे हे सांगता येतं का, आणि हॉलमध्ये सगळ्यांत लहान मुलगा कुणाच्या बाजूला झोपला आहे. त्या अहवालाला अंदाजपत्रक लागत नाही. समितीच्या सदस्यांचा रात्रीचा प्रवासभत्ता तेवढा जिल्हाधिकारी कार्यालयाला मंजूर करावा लागेल.